चिखलाचे एक्केचाळीस अंगठे

वनिता,

ठरल्याप्रमाणे मुलाखत झाली. तू आली नाहीस. गैरहजर राहणाऱ्यांना मेमो देण्याची माझी जुनी खोड तुला ठाऊकच आहे. या वेळी तुझं कारण असं होतं की माझ्यासारखी खडूस बाईही गप्प बसली.

तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी मुलाखतीचीच तयारी करत होते. जनार्दन म्हणाला, "म्याडम, वनी गेली." मी विचारलं, "कुठे?" विचारून झाल्यावर मला कळलं. तो बिचारा काय उत्तर देणार? फोन चालूच होता, मागे कुणीतरी भांडी हलवत होतं. माझ्या हातात पेन होतं आणि समोर सायलीचा कागद. सायली म्हणजे आपल्या विभागात नव्यानं लागलेली मुलगी. कॉलेजच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी तिला गाईड आणि विद्यार्थिनी अशी जोडीनं मुलाखत हवी होती. तुला आणि मला तेच प्रश्न आधी पाठवले होते, मग दोघींनी तिच्यासमोर एकत्र बसायचं होतं. तू म्हणे दोन दिवसांत उत्तरं लिहून मोकळी झालीस. मी दहा दिवस पहिल्याच प्रश्नाशी अडले होते: 'पीएच.डी.च्या मार्गदर्शनातलं सगळ्यात मोठं समाधान कोणतं?'

तू गेल्याच्या सातव्या दिवशी सायलीचा फोन आला. "मॅम, मुलाखत रद्द करूया का?"

हो म्हणायचं, ना! साधी गोष्ट. पण ती पुढे म्हणाली, "वनिताताईंची उत्तरं आहेत माझ्याकडे. तुमची झाली की शेजारी शेजारी छापली असती."

"काय लिहिलंय तिनं?"

"ते आधी नको ना मॅम, मजा जाते." मग घाबरून, "सॉरी, मजा म्हणजे..."

"ये," मी म्हटलं. "रविवारी ये."

मोठेपणानं नव्हे गं. भीतीनं. तू काय लिहिलं असशील, ते माझ्या डोळ्यांसमोर छापलं जावं असं मला वाटलं, माझ्या पाठीमागे नको.

कशाची भीती, ते तुला सांगायला नको. पण हे आता इतरही वाचतील, म्हणून सांगते. आणि तुलाही अर्धंच माहीत होतं, असं मी रविवारपर्यंत समजत होते.

तू माझी पहिली विद्यार्थिनी. मी तेव्हा पस्तिशीची होते आणि जगातली सगळी अक्कल नुकतीच माझ्या नावावर झाली होती. कडक इस्त्रीची सुती साडी, कापलेले केस, चष्म्याला साखळी. चष्म्याचा नंबर पाऊण, साखळीचं वजन त्याहून जास्त! लाल पेन पंतोजी वापरतात म्हणून मी हिरवं वापरायची. आत्ता ती बाई जिन्यात भेटली ना, तर मी दार लावून घेईन.

तू आलीस खाडीकाठच्या गावातून. तुझ्या वडिलांचं अर्धं वर्ष मिठागरावर जायचं आणि अर्धं खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतल्या, भातावर. तुझा विषयही तिथलाच: खारं पाणी सोसणारा तुमचा लाल भात. पावसाळाभर बांधाच्या उघाडीवर जायचं, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं ते लाकडी दार असतं तिथं, आणि ऐन भरतीला पाण्याचा खारेपणा मोजायचा. एका मोसमात तू एक्केचाळीस नोंदी आणल्यास. सुंदर आकडे होते. इतके सुंदर की मला संशय आला.

मग मी हजेरीचं रजिस्टर काढलं. तुझ्या प्रकरणात तीन तारखांना तू सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला उघाडीवर होतीस. रजिस्टरमध्ये त्याच तीन तारखांना, त्याच वेळी, तू प्रयोगशाळेत होतीस. सही तुझी.

मी तुला सगळ्यांसमोर विचारलं. खोलीत बोलावून विचारता आलं असतं, पण मग माझी हुशारी कुणाला दिसली असती? "वनिता, तुला दोन शरीरं आहेत का गं?" दोघे-तिघे हसले. तू म्हणालीस, "मॅडम, मी भरतीला गेले होते." "मग इथे सही कुणी केली?" "मीच केली." "मग उघाडीवर कोण होतं?" "मीच होते." पुन्हा हशा. तुझा चेहरा मला अजून दिसतो. खोटं बोलणारा माणूस काहीतरी कारण देतो. तुझ्याकडे कारणच नव्हतं. तुला स्वतःलाच कळत नव्हतं की हे असं कसं झालं.

"कच्ची वही आण," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आणलीस. शंभर पानी, कोपरे फुगलेली, खाऱ्या वासाची. मी चाळली. तारखा कुठेच नाहीत! 'श्रावण शुद्ध चतुर्दशी, साडेदहा.' 'वद्य अष्टमी, सहा.' आणि प्रत्येक नोंदीशेजारी चिखलाचा डाग. मी म्हणाले, "पंचांग बघून विज्ञान करतेस? उपास पण धरतेस का प्रयोगाचा?" तू सांगायला लागलीस, "मॅडम, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, बाबा..." मी हात वर केला. बस. त्या काळात तिथी हा शब्द ऐकला की मला सत्यनारायणाचा प्रसाद दिसायचा. सासूबाईंशी माझी रोज त्यावरून जुंपलेली असे. त्यांचा राग मी तुझ्या वहीवर काढला, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

पहिल्या पानावर मी हिरव्या शाईत शेरा मारला: 'वही स्वच्छ ठेवावी.' आणि वही कपाटात टाकली. पुरावा म्हणून.

दोन दिवसांनी तुझे वडील विभागात आले होते. अकरा वाजल्यापासून बाकावर बसले होते, चपला दाराबाहेर. मी निरोप पाठवला, 'भेटायची वेळ चार ते पाच.' दोन वाजता ते उठले. शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, तो म्हातारा गेला. म्हणतो भरती आहे, थांबता येत नाही." मी हसले होते, वनिता. 'बघा, कारणं कशी असतात,' असं म्हणून हसले होते.

तू ते वर्ष पुन्हा केलंस. दुसऱ्या खाडीवर, आमच्या प्रयोगशाळा मदतनिसाला पहाऱ्यावर घेऊन, दर नोंदीला त्याची सही. तुमच्या उघाडीवर का नाही, असं मी विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "बाबा नाही म्हणतात." पुढे ती जमीनच गेली. भराव पडला, बांध बुजला, उघाडीवर आता सिमेंटचा रस्ता आहे. त्या जागी भरतीचं पाणी कसं होतं, याची जगात एकच नोंद उरली. ती माझ्या कपाटात होती.

प्रबंधाच्या सुरुवातीला गाईडच्या सहीचं एक पान असतं: हे काम विद्यार्थ्यानं स्वतः केलं आहे, असं प्रमाणपत्र. दुसऱ्या खाडीच्या कामाला मी ते दिलं. पहिल्याला नाही.

तू पदवी घेतलीस, कॉलेजात शिकवायला लागलीस, आणि माझ्याशी वाकडं धरलं नाहीस. हेच मला अवघड जायचं. भांडली असतीस तर मी जिंकले तरी असते! माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर रोज येऊन माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं प्रकरण मला मोठ्यानं वाचून दाखवलंस. मध्येच थांबून म्हणालीस, "मॅडम, इथं हिरवं पेन देऊ का?" मी पट्टीखालून हसले आणि टाके दुखले. तेव्हा तुझ्या आवाजात टोमणा होता की माया, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

आणि दर दिवाळीला, फराळाचा डबा ठेवता ठेवता, तू विचारायचीस, "मॅडम, माझी ती वही सापडली का हो? बाबांची आठवण आहे त्यात."

आधीची कित्येक वर्षं मी खरंच सांगत होते, "नाही गं, बघते." सापडत नव्हती, कारण शोधत नव्हते. मग सहा वर्षांपूर्वी ती सापडली.

आमच्या ओवीमुळे. माझी नात तेव्हा शाळेत होती, चंद्राच्या कलांवर तिला काहीतरी करून न्यायचं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ती म्हणाली, "आजी, इथं सप्तमीनंतर एकदम नवमी कशी? आठवी कुठे गेली?" मी म्हटलं, छपाईची चूक. "आणि इथं तर दोन दिवस एकच तिथी आहे. दोन चुका?" ओवी हे असं बोलते. कुणावर गेली, विचारू नकोस.

मी सासूबाईंची ट्रंक उघडली. त्यांची जुनी पंचांगं अजून त्यात होती, फडक्यात बांधलेली. तिथी म्हणजे दिवस नव्हे, एवढी साधी गोष्ट मी सत्तरीला टेकल्यावर शिकले. चंद्राची चाल कमी-जास्त होते, म्हणून कधी एखादी तिथी गळते, कधी दोन दिवस टिकते. सासूबाई जाणत होत्या. वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख जाणत नव्हत्या.

मग कपाट उपसलं. वही होती. तिच्यात तुझ्या तेव्हाच्या प्रकरणाची प्रत होती, आणि माझाच एक कागद. तू काय केलं होतंस ते हळूहळू उलगडलं. उघाडीवर तू वडिलांनी सांगितलेली तिथी लिहिलीस. वर्षानं प्रबंधात तारखा हव्यात म्हटल्यावर जुनं कॅलेंडर शोधलंस, ते तुमच्याकडे केव्हाच सुकी मासळी गुंडाळण्यात संपलं असणार. मग गणपती, नारळी पौर्णिमा, असे ठाऊक असलेले दिवस धरून मधल्या तारखा बोटांवर मोजल्यास. एक तिथी, एक दिवस. तीन ठिकाणी मध्ये तिथी गळाली किंवा लांबली होती, तिथं तुझी तारीख एका दिवसानं चुकली. बस, एवढंच. मोजणी खरी होती, तारीख चुकली होती.

आणि माझा तो कागद काय होता, माहीत आहे? त्याच मोसमातला मेमो. 'आपण खालील तीन दिवशी विनापरवानगी गैरहजर होता.' तीनही दिवस त्या तीन तारखांच्या अगदी शेजारचे. म्हणजे उघाडीवर गेलीस म्हणून मीच तुला मेमो दिला, आणि उघाडीवर गेली नाहीस म्हणून मीच तुला खोटं ठरवलं. दोन्ही कागद एकाच कपाटात. दोन्हींवर माझी हिरवी सही. अशा बाईला लोक बारकाईनं काम करणारी म्हणायचे!

मग ओवीनं डागांवरून बोट फिरवलं. "आजी, हे डाग नाहीत. बघ, रेषा आहेत. कुणाचातरी अंगठा आहे." तिनं भिंग आणलं. एक्केचाळीस नोंदी, एक्केचाळीस अंगठे. पहिल्या अंगठ्याखाली तुझ्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'बाबा म्हणतात, कॉलेजात इचारतील, कोन होतं तिथं? मंग दाव त्यांना. ह्यो माजा अंगठा हाय.'

हे सांगायला ते बाकावर बसले होते. अकरा ते दोन.

आता तू म्हणशील, मग त्याच दिवशी फोन का नाही केलात? केला होता. तू उचललास, "बोला मॅडम," म्हणालीस, आणि मी म्हटलं, "चकलीची भाजणी कुठून आणतेस गं?" असं घडलं. पुढची दिवाळी आली. तू विचारलंस, मी "नाही गं" म्हटलं. त्याच्या पुढची आली. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा खरं बोलायला आधीचं खोटंही कबूल करावं लागतं. ते दर वर्षी वाढत गेलं.

यंदाच्या संक्रांतीला तू आलीस. पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन. "मडक्यात पोपटी लावा आजी-नाती मिळून," म्हणालीस. जरा धाप लागत होती, मी म्हटलं जिना आहे. तिळगूळ हातावर ठेवलास आणि विचारलंस, "मॅडम, वही?"

मी कंटाळले होते, वनिता. तुला नव्हे, त्या प्रश्नाला. तो कायमचा संपवावा म्हणून म्हणाले, "घर बदललं ना, तेव्हा रद्दीत गेली असणार गं."

"रद्दीत?"

"हो ना. सॉरी हं."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. चहावर साय धरली. माझ्या खुर्चीच्या मागे, हात लांबवला तर पोचेल इतक्यावर, कपाट होतं. तू म्हणालीस, "बरं." पर्स उचललीस. दारात चप्पल घालताना भिंतीला हात टेकलास. बरं. तुझा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द.

तर रविवार. सायली आली, मोबाइल टीपॉयवर ठेवला, लाल ठिपका लागला. ओवी चहा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दारात. तिला सगळं ऐकायचं असतं. सायलीच्या पिशवीतून एक पांढरं पाकीट डोकावत होतं. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे नव्हतंच.

"मॅम, सगळ्यात मोठं समाधान?"

मी सुरू झाले. विद्यार्थ्याच्या डोळ्यांतली चमक. रोप लावावं आणि त्याचा वृक्ष व्हावा. मी वनस्पतिशास्त्राची असल्यामुळे अशी वाक्यं मला फुकट मिळतात. सायली मान डोलवत होती. आतून ओवी खोकली. ती खोकला नसताना खोकते.

"तुमच्या पहिल्या विद्यार्थिनीबद्दल सांगा ना. वनिताताईंबद्दल."

"चिकाटी. एक अख्खा मोसम तिनं पुन्हा केला, कुरकुर न करता."

"पुन्हा का करावा लागला?"

प्रश्न कागदावर नव्हता. पोरीनं सहज विचारला. पंखा फिरत होता. मी म्हटलं, "नोंदींमध्ये काही त्रुटी होत्या."

म्हणजे तू गेल्यावरही, लाल ठिपक्यासमोर, मी तुला पुन्हा एकदा खोटं पाडलं. वाक्य माझ्या तोंडून इतकं सफाईनं बाहेर पडलं की मी हादरले. ओवी दारातून पुढे आली. माझ्याकडे बघत उभी राहिली.

सायली पुढचा प्रश्न वाचायला लागली, "विद्यार्थ्याच्या बाबतीत आपलं काही चुकलं, असं कधी..."

"थांब. आधी ते पाकीट दे."

"मॅम, पण आपलं ठरलं होतं की..."

"सायली, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दे."

तुझं अक्षर नव्हतं, छापील होतं. बरं झालं. सगळ्यांत आधी नजर गेली ती याच प्रश्नावर, 'तुमच्या गाईडकडून तुम्हाला काय मिळालं?' मी जीव मुठीत धरून वाचलं. तू लिहिलं होतंस: 'पुष्कळ मिळालं. एक वही मिळायची आहे. ती त्यांच्या कपाटात आहे. त्या देतील.'

एवढंच. पुढच्या प्रश्नाला तू लाल भाताच्या वाणांबद्दल मजेत पानभर लिहिलं होतंस.

"तिला कसं कळलं?" मी विचारलं. कुणाला विचारलं, मलाच माहीत नाही.

ओवी म्हणाली, "मी सांगितलं. गेल्या दिवाळीत मावशी आली होती तेव्हा. तू आत होतीस. मला वाटलं तिला ठाऊक असेल. मी म्हटलं, आजीच्या कपाटात अंगठ्यांची वही आहे, कसली भारी आहे."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आजीला सांगू नकोस हं, तू मला सांगितलंस म्हणून. तिची ती देईल."

म्हणजे संक्रांतीला तू वही मागायला आली नव्हतीस. मला एक संधी द्यायला आली होतीस. आणि मी तिळगूळ तोंडात असताना म्हणाले, रद्दीत. त्यावरचं तुझं ते 'बरं' मी गेले काही दिवस वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघते आहे. एकही सूर मला सोडत नाही.

सायलीनं मोबाइलकडे हात नेला. "बंद करू का मॅम?"

"चालू राहू दे."

मी उठले, कपाट उघडलं, वही काढली. तुला आत्ता लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. बाकासकट, मेमोसकट, भाजणीसकट. सायली पानं उलटत गेली, शेवटी म्हणाली, "मॅम, हे छापायचं? म्हणजे... अभिनंदनाचा अंक आहे तो."

"म्हणूनच. मी बाकीच्या पानांवर चमकते आहेच की."

"प्रिन्सिपॉल सर काढून टाकतील."

"मग ते मला येऊन सांगू देत. भेटायची वेळ चार ते पाच."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "माझ्या गाईडनं आठ महिने झाले माझं प्रकरण उघडलेलं नाही." मी म्हटलं, "ते आपण पुढच्या रविवारी बघू." बघ, अजून माझी खोड जात नाही.

ओवीनं स्कूटर काढली. मला मागे बसवून कोन गावापर्यंत नेलं, जनार्दनकडे. वाटेत दोनदा म्हणाली, "आजी, पकड नीट." मी वही पोटाशी धरली होती, तिला कशी पकडणार?

जनार्दन ओटीवर बसला होता. मी वही पुढे केली. त्यानं उघडली. पहिल्या पानावरचा माझा हिरवा शेरा वाचला, माझ्याकडे पाहिलं, पान उलटलं. मग तो एकेक पान उलटत गेला. एका अंगठ्यावर त्यानं आपला अंगठा ठेवून बघितला. त्याचा लहान भरला.

"बाबांचाच हाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "जनार्दन, वनिता खरं बोलत होती. तेव्हा. ती उघाडीवर होती. हे सांगायला आले."

त्यानं वही मिटली. आवाज चढवला नाही. "म्याडम, ते आमाला ठाव होतं. बाबांना ठाव होतं. आमी तिथंच होतो. तिला सांगायचं होतं."

मी मान खाली घातली. ओवीनं माझा दंड धरला. आतून कुणीतरी पाणी आणलं, मी प्यायले.

निघताना तो दारापर्यंत आला. "तुमी लिवून देता ना पोरांना, पयल्या पानावर लावायला? वनीच्या पुस्तकात हाय तसं. तसं या वहीला लिवून द्या. मी चिकटवतो."

ओवी म्हणते, संगणकावर टाइप करून देते, छान दिसेल. मी नको म्हटलं. हातानं लिहिलं आहे, पेन तेच. वहीत लावायला जनार्दनकडे देईन. आधी तुला वाचून दाखवते. उभी राहून ऐक, विभागात माझ्यासमोर तू कधी बसत नव्हतीस.

*प्रमाणित करण्यात येते की, या वहीतील एक्केचाळीस नोंदी कुमारी वनिता हिने स्वतः, प्रत्यक्ष उघाडीवर उभे राहून, ऐन भरतीला घेतल्या आहेत. त्या खऱ्या आहेत. प्रत्येक वेळी तिचे वडील हजर होते. त्यांचा अंगठा प्रत्येक नोंदीपाशी आहे. गैरहजर होते ती मी.*

*सही, मार्गदर्शक.*

*चैत्र शुद्ध चतुर्दशी. भरती साडेदहाची.*